तोरू-बुलाकचा अकरावा तंबू

मी एक जुना नमद्याचा तंबू आहे. मित्रांनो, तंबू म्हटलं की तुम्हाला सर्कस आठवेल, नाहीतर सहलीतली ती कापडी छपरं. तसला मी नव्हे. माझ्या अंगावर मेंढीच्या लोकरीचा जाड नमदा आहे, आत वाळुंजाच्या काठ्यांची जाळीदार भिंत आहे आणि माथ्यावर लाकडाचं मोठं चाक आहे. चाकातून धूर बाहेर जातो आणि ऊन आत येतं. आमचे किर्गिझ लोक मला तंबू म्हणत नाहीत, घर म्हणतात. विटांची घरं फार नंतर आली.

सोनुन अपा नवरी होऊन तोरू-बुलाक गावात आली, तेव्हा तिच्या माहेरच्या बायकांनी मला बनवलं. अपा म्हणजे आई. आमच्याकडे सासूलाही अपाच म्हणतात आणि शेजारच्या म्हातारीलाही. माझ्यासाठी तीस मेंढ्यांची लोकर लागली. बायकांनी ती छड्यांनी झोडली, उकळत्या पाण्याने भिजवली, बोरूच्या चटईत गुंडाळली आणि घोड्यामागे बांधून दिवसभर फरपटवली. तेव्हा कुठे नमदा झाला. पुढे चाळीस उन्हाळे मी डोंगरावरच्या कुरणात काढले. माझ्यात मुलं जन्मली, घोडीचं दूध आंबवलं गेलं, भांडणं झाली आणि मिटली. मला पावसाचा थेंब कधी आत येऊ देताना कुणी पाहिलं नाही, हे मी थोड्या गर्वानेच सांगतो.

मग दिवस बदलले. अपाचा मुलगा बांधकामावर कामाला रशियात गेला, मेंढ्या कमी झाल्या, कुरणात जायचं थांबलं. माझी घडी घालून मला गोठ्यात टाकलं. उंदरांनी माझी एक बाजू कुरतडली. तिथून मला बाहेर काढायचे ते फक्त कुणी वारलं तर. आमच्याकडे मेलेल्या माणसाला विटांच्या घरातून थेट कबरीकडे नेत नाहीत. दारासमोर तंबू उभारतात आणि त्याला त्यात ठेवतात. बायका आत बसून गात गात रडतात, पुरुष बाहेर काठीवर ओणवे होऊन रडतात, आणि तिसऱ्या दिवशी माणूस निघतो. ज्याला हे मिळालं नाही त्याच्या घरच्यांना सात पिढ्या बोलणी खावी लागतात.

अशात आमच्या वरच्या खोऱ्यात भटक्या लोकांचे जागतिक खेळ भरायचे ठरले. घोडदौड, तिरंदाजी, कुस्ती, आणि घोड्यावर बसून बोकड ओढायचा आमचा लाडका खेळ. देशोदेशीची माणसं येणार म्हटल्यावर गावाला जाग आली. ज्याच्याकडे एक खोली होती त्याने दोन पाट्या लावल्या. खेळांच्या समितीने गावातले तंबू प्रदर्शनासाठी भाड्याने घ्यायचं ठरवलं आणि एक तरुण अधिकारी ते पाहायला आला. गावात आम्ही अकरा होतो. त्याने दहा पसंत केले. माझ्या नमद्यावरून बोट फिरवून त्याने ते पुसलं आणि म्हणाला, "हा धुराने काळा पडलाय. टीव्हीवर बरा दिसणार नाही."

चाळीस वर्षं धूर खाऊन मी पांढरा राहायला हवा होतो, असं त्याचं म्हणणं. मला वाईट वाटलं, लपवत नाही. पण माझ्याहून जास्त वाईट वाटलं बेगिमायला. बेगिमाय म्हणजे अपाची सून. हिवाळा सरता सरता तिची एकुलती एक गाय मेली होती आणि तिची दोन्ही लहान मुलं तेव्हापासून बिनदुधाचा चहा पीत होती. तंबूच्या भाड्यातून गाय घ्यायची, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

तिने हाय खाल्ली नाही. तिचा चुलतदीर एर्मेक फोनवरून पाहुणे मिळवून द्यायचा धंदा करायचा. त्याने हंगेरीचं एक जोडपं गाठून दिलं. सात रात्रींचं भाडं एका दुभत्या गाईइतकं होतं. बेगिमायने मला झटकलं, उन्हात घातलं, कुरतडलेल्या बाजूला नवा नमदा शिवला आणि खेळांच्या मैदानालगत, प्रदर्शनाच्या कुंपणाबाहेर उभं केलं. शेजारची कुलिपा म्हातारी गावभर सांगत सुटली, की सोनुनची सून परक्यांना झोपायला घर विकते आहे. कुलिपाच्या स्वतःच्या मुलाचा तंबू तेव्हा प्रदर्शनात पहिल्या रांगेत होता, पण म्हातारीला ते दिसत नव्हतं. बेगिमायने तिला तोंडावर सुनावलं, "विकत नाही, अपा. भाड्याने देतेय. तुमच्या तोक्तोसुनने दिलाय तसाच."

पाहुणे आले. पाल आणि त्याची बायको इल्दिको. दोघंही साधी, पण हौशी. इल्दिको तासन् तास उताणी पडून माझ्या माथ्यावरच्या चाकाकडे पाहायची. इतक्या कौतुकाने मला कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी सुखावलो. खरं सांगायचं तर मी थोडा शेफारलो.

अडचण होती ती सोनुन अपाची. भाडं ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरेना. पाहुणा दारात आला की त्याला खाऊ घालायचं, एवढंच तिला ठाऊक. ती दर तासाला चहा आणायची, तळलेल्या बोरसोकची, म्हणजे कणकेच्या फुगीर तुकड्यांची, परात पुढे ठेवायची आणि जेवणाचे पैसे पुढे केले की पालच्या हातावर चापट मारायची. दुसऱ्या दिवशी तर ती घरातला शेवटचा मेंढा कापायला निघाली. पाहुणा देवाने पाठवलेला असतो, असं तिचं पालुपद चालू होतं. बेगिमायने मेंढा शेजारी नेऊन बांधला आणि म्हणाली, "हा पाहुणा देवाने नाही पाठवला, अपा. एर्मेकने पाठवलाय."

चौथ्या दिवशी सकाळी कुलिपा म्हातारी वारली.

तोक्तोसुन धावत मैदानावर आला तो आपला तंबू न्यायला. कुंपणाच्या फाटकावर त्याला अडवलं. करारावर त्याची सही होती. समारोप होईपर्यंत एकही तंबू हलवायचा नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्याने दुसऱ्याचा मागितला, तिसऱ्याचा मागितला. दहाही तंबू त्याच करारात बांधलेले. गावाने बाकी सगळ्याचा विचार केला होता, पाण्याच्या टाक्या, पाट्या, पाहुण्यांच्या चादरी. पण त्या आठवड्यात कुणी मरेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग तो माझ्या दारापाशी येऊन उभा राहिला. हातात टोपी, डोळे लाल. बेगिमाय पाहुण्यांच्या चहाची किटली घेऊन आत होती, अपाही होती.

"आईला ठेवायला घर नाही," तो म्हणाला. त्याने मागितलं काहीच नाही.

अपा घरात मोठी. तिने एक शब्द टाकला असता तर प्रश्न मिटला असता. पण तिला नातवंडांचा बिनदुधाचा चहा दिसत होता. तिने मान खाली घातली आणि निर्णय सुनेवर सोडला. बेगिमायने एर्मेकला बोलावलं आणि आता काय होईल ते विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, वेडी होऊ नकोस. उरलेल्या रात्रींचे पैसे परत द्यावे लागतील. वर हे लोक फोनवर वाईट लिहितील, म्हणजे पुन्हा तुझ्याकडे कुणी फिरकणार नाही."

मित्रांनो, त्या घडीला मी काय म्हटलं तेही सांगतो, कारण खोटं बोलून या वयात काय मिळवायचंय? मी मनात म्हटलं, पोरी, मला देऊ नकोस. गाय घे. गावाने मला मढ्यापुरतंच बाहेर काढलं, आणि आता कुठे कुणी मला डोळे भरून पाहतं आहे. मला तिथेच राहायचं होतं.

बेगिमायने किटली खाली ठेवली.

"यांना सांग," ती एर्मेकला म्हणाली, "गावात एक म्हातारी गेली. आता हे घर तिचं."

"तिचं कसं? भाडं यांनी भरलंय."

"जिवंत माणूस कुठेही झोपतो. हे आमच्या घरात झोपतील, आम्ही गोठ्यात झोपू. तिला दुसरीकडे कुठे नेऊ, तूच सांग."

एर्मेकने सांगितलं. पाल चिडला. त्याने मैदानालगतची जागा म्हणून पैसे मोजले होते. त्याने कागद काढून दाखवला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. इल्दिकोला किती कळलं कोण जाणे, पण तोक्तोसुनच्या हातातल्या टोपीकडे तिचं लक्ष गेलं आणि ती उठून अंथरुणं गुंडाळायला लागली. दोघं अपाच्या विटांच्या घरात राहायला गेली. उरलेल्या चार रात्रींचे पैसे पालने परत मागितले आणि बेगिमायने ते दिले. हातात उरलं त्यात गाय येत नव्हती, फार तर शेळी आली असती.

बायकांनी मला तासाभरात उतरवलं आणि तोक्तोसुनच्या दारात उभं केलं. कुलिपाला आत ठेवलं. वरच्या खोऱ्यातून ढोल आणि भोंग्यांचा आवाज येत होता आणि इथे बायका गाऊन रडत होत्या. बेगिमायची पाळी आली तेव्हा ती गायली, "येता जाता मला टोचून बोलायचीस, अपा. आता माझी खोड कोण काढेल?" ती खोटं रडत नव्हती. मला तिचा राग आला होता, तो तिथे गेला. कौतुक कितीही गोड असलं तरी मी ज्यासाठी आहे ते हे होतं.

तिसऱ्या दिवशी दफन झालं. जेवणाला गाव बसलं. दहा तंबू असून गावाची अब्रू एका काळ्या तंबूने राखली, हे ज्याला त्याला कळत होतं. म्हाताऱ्यांनी तिथेच ठरवलं, की यापुढे खेळ भरले की एक तंबू भाड्याने द्यायचा नाही, गावात ठेवायचा, आणि बाकी दहा घरांनी आपल्या एकेका रात्रीचं भाडं त्याच्या मालकाला द्यायचं. कुणाचा ठेवायचा यावर वाद झाला नाही. सगळ्यांनी बेगिमायकडे पाहिलं.

ती लगेच हो म्हणाली नाही. तिने ओढणीचं टोक नीट केलं.

"चालेल," ती म्हणाली. "पण सुरुवात या खेळांपासून करा. पुढच्या खेळांना दोन वर्षं आहेत, आणि माझी मुलं आत्ता लहान आहेत."

तोक्तोसुन सगळ्यांत आधी उठला आणि त्याने खिशात हात घातला. पंधरा दिवसांनी बेगिमाय तांबडी गाय घेऊन आली, मागे वासरू.

मित्रांनो, तुमच्याकडे जत्रा भरो की सामने, खोल्या भाड्याने द्या. खुशाल द्या. त्यात काही वाईट नाही, मुलांना दूध मिळतं. पण सगळ्यांनी सगळीच घरं एकाच आठवड्यात देऊ नका. आणि माझ्यासारखं एखादं जुनं घर कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याला वर्षातून दोनदा उन्हात घाला, कारण नमद्याला कसर लागते आणि गरज सांगून येत नाही.

मागच्या खेळांत दहा तंबू वर गेले, नटले, टीव्हीवर दिसले. मी सातही दिवस गोठ्यात घडी होऊन पडून होतो, आणि माझं भाडं घरी येत होतं. माझी गरज पडू नये म्हणून दहा घरं पैसे भरत होती. बेगिमाय रोज सकाळी बादली घेऊन यायची, गल्लीत कुठून रडण्याचा आवाज येतो का ते दारात थांबून ऐकायची, माझ्यावर हात ठेवून "आजही नाही" म्हणायची आणि गाईची धार काढायला बसायची.