कमानीची दांडी

अंघोळ करताना ओला पडदा अंगाला चिकटला की बाबा दचकायचे. नजर जवळजवळ गेलेली. कुणीतरी मागून धरतंय असंच त्यांना वाटायचं आणि ते हातपाय झाडायचे. म्हणून रोज सकाळी, इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला जाण्याआधी, लेक तोंड फिरवून आत उभी राहायची आणि पडदा हाताने बाहेर ताणून धरायची. भिजायची ती भिजायचीच. त्या वेळात एक अक्षर बोलायचं नाही, हे दोघांमध्ये न ठरवताच ठरून गेलं होतं.

बाहेरच्या बाजूला कमानीसारखी वळलेली दांडी मिळते, तिच्यावर पडदा लांब राहतो, हे तिला कामावरच्या मैत्रिणीने सांगितलं. दांडी आणली, पण प्लंबरचा 'उद्या' काही उजाडेना. शेवटी सुट्टीच्या दिवशी तिने शेजाऱ्यांचं ड्रिल मागून आणलं. खरं तर त्या दिवशी तिला नुसतं पडून राहायचं होतं.

टाइल्सवर चिकटपट्टी लावून तिने खुणा केल्या. धूळ घरभर नको म्हणून दार लोटून घेतलं. एवढी काळजी घेऊनही एक टाइल तडकलीच. हात वर धरून धरून खांदे भरून आले, पण दांडी बसली, चांगली घट्ट बसली. बाहेर पडायला तिने दार आत ओढलं, तर ते दांडीच्या फुगवट्यावर आपटून अडलं. वीतभर फट, बस्स.

ती तिथेच फरशीवर बसली. हसावं की रडावं कळेना.

"काय झालं गं?" फटीतून बाबांचा आवाज आला.

"अडकले."

"कशात?"

"आतच. दार दांडीला अडतंय."

बाबा भिंत चाचपत आले आणि दाराबाहेर खाली बसले. "एवढा खटाटोप कशाला करतेस? रोज जमतंय की आपलं."

"तुम्हाला एकट्याने अंघोळ करता यावी म्हणून."

"मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

खोटं बोलायचंही तिच्यात त्राण उरलं नव्हतं. "येतो बाबा. कधी कधी येतो."

"मलाही आलाय," ते म्हणाले. "तुझा नाही गं. लेकीला असं उभं करायचा."

बाबांनी फटीतून हात आत सरकवला. "स्क्रू काढशील ते इकडे दे. घरंगळले तर शोधत बसशील."

तिने दांडी उतरवली, एकेक स्क्रू त्यांच्या तळव्यावर ठेवला. मग दाराच्या वरच्या कडेपेक्षा चार बोटं उंचावर पुन्हा भोकं पाडली. या वेळी दार सुटलं. पडदा मात्र खालून तोकडा पडला. पाणी बाहेर येणार हे दिसतच होतं. येईना का, तिने मनाशी म्हटलं.

संध्याकाळी बाबा एकटेच आत गेले. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली, कान तिकडेच. पाणी वाजत राहिलं. मग धाडकन काहीतरी पडलं. ती ताडकन उठली.

"पाण्याचा मग पडलाय," आतून आवाज आला. "मी नाही."

ती परत बसली आणि टेबलावर डोकं टेकवलं.