बाबांची न आटणारी टाकी

देवळाच्या पारावर अख्खं गाव लोटलं होतं आणि त्या गर्दीत सगळ्यांच्या पुढे, हात जोडून, मी. गावचा गणिताचा मास्तर!

रोह्याकडच्या एका बाबांनी टेम्पोतून पाण्याने भरलेली लोखंडी टाकी आणली होती. उंची जेमतेम कमरेएवढी. "ही टाकी नाय, गंगामाय हाय. कधी आटायची नाय," म्हणत त्यांनी तोटी सोडली. बायकांनी हंडे लावले. चाळीस हंडे भरले तरी धार चालूच. पेणच्या खाडीकाठचं आमचं मिठागरांचं गाव, गोड्या पाण्यासाठी बांधापलीकडे तंगडतोड करणारं. लोक रडायचेच बाकी होते.

नेमके त्याच दिवशी नळाच्या पाहणीला साहेब आले होते. सरपंच नाथा पाटील म्हणाले, गंगामाय दारात आली, आता नळ कशाला? साहेबांना परत धाडायचं ठरलं. नळासाठी सगळ्यांशी भांडलेली पोटुशी जनी तेवढी हंडा न लावता बाजूला उभी होती.

बाबांनी मला पुढे ओढलं. शिकलेल्या मास्तरांनीच साक्ष द्यावी म्हणाले. मी भलताच फुगलो. चमत्कार आकड्यांत सांगावा म्हणून शाळेतून मीटरपट्टी आणवली. लांबी एक मीटर. रुंदी एक. उंचीही एक. मी पट्टी पुन्हा लावून पाहिली. तेच.

एक घनमीटर म्हणजे हजार लिटर! हे मी पोरांकडून घोकून घेतो, चुकलं तर कान पिळतो. हंडा वीस लिटरचा, म्हणजे पन्नास हंडे. चमत्कार कसला डोंबलाचा, टाकी आपलं काम करत होती.

"काय झालं गुरुजी?" जनीने विचारलं.

"पन्नास हंड्यांत पाणी संपतंय बघ," मी म्हणालो.

बाबा हसले. गावही हसलं. पन्नासावा हंडा अर्ध्यावरच अडला, कारण बाकीचं पाणी बाबांचे पाय धुण्यात गेलं होतं आणि ते पाय मीच धुतले होते.

बाबा तोटी पिळत राहिले. जनी पोट सांभाळत साहेबांच्या जीपसमोर जाऊन उभी राहिली.

"थांबा साहेब. आमाला नळ पायजे. ही गंगामाय आटली."

मंडळी, देव मानायचा तर खुशाल माना. पण कोणी चमत्कार दाखवला, तर आधी त्याचं माप घ्या. मी आधी पाय धुतले, मग माप घेतलं. आणखी थोडा उशीर झाला असता, तर जीप निघून गेली असती आणि जनी बाळंतपणापर्यंत बांधावरून हंडे वाहत राहिली असती.