पाणी उतरेपर्यंत

बाजरीत खुरपणी चाललेली, आन् सकाळच्या पारीच कुकू फोइबे मेमे केर्टूवर खवळली. आमच्यात म्हातारीला कुकू म्हणतात, बाईला मेमे, बाप्याला टाटे. झालं काय, मेमे बांधावरनं तरातरा आली, कुणाला काही विचारलं नाही, वाकून हिल्माच्या पोटाला हात लावला आन् म्हणाली, "बाळ आडवं आहे. हिला आजच दवाखान्यात न्यायला हवं."

कुकूनं खुरपं खाली ठेवलं. "रात कशी गेली, इचारायचं न्हाई? ढोरं बरी हाईत का, ते न्हाई? आल्या आल्या पोटाला हात. माझी लेक बाजारातली कोंबडी हाय व्हय, दाबून बघायला?"

आम्ही बाया हसलो. मीपण हसले. हिल्मा कुकूची लेक, माझी भावजय. माझा भाऊ तिकडं दक्षिणेला खाणीत कामाला, पिकं निघाल्यावर येणार होता.

मेमेचं तोंड लालबुंद झालं. फिनलंडहून इकडं आफ्रिकेत, आमच्या ओवाम्बो मुलखात आलेली ही गोरी बाई. तिच्या चर्चनं शिकवायला आन् औषधपाणी करायला धाडलेली. आमची भाषा पुस्तकातनं शिकली होती, म्हणून साधं पाणी मागितलं तरी पाद्रीबाबा बोलतोय असं वाटायचं. तिनं माफी मागितली. मग कुकूची तब्येत विचारली, ढोरांची, कोंबड्यांची, एकेक करून सगळ्यांची. तोवर तिचा जोर निम्मा सरला.

"आता तरी नेऊ या का, कुकू?"

"फिरंल त्ये बाळ. माझी समदी फिरली. ह्या चिखलात गाडीत हिंदकळवत नेऊ तिला?"

मेमे आणखी काही बोलणार होती. आमच्याकडं बघून गप बसली.

त्याच आठवड्यात वरच्या मुलखातलं पाणी आलं. आमच्याकडं पूर गर्जत येत नाही. निजताना रान कोरडं असतं, उठून बघावं तर सखल जागा भरलेल्या, मासे उभ्या बाजरीत. पोरं खूश झाली. दवाखान्याची वाट मात्र पाण्याखाली गेली, आन् तेव्हाच हिल्माला कळा सुरू झाल्या.

शेजारच्या टाटे शिकोंगोनं गाडीला बैल जुंपले. मेमे काठी टेकत, थांग घेत पुढं चाललेली. छातीला पाणी लागल्यावर बैल थबकले. टाटेनं मारलं, शिव्या घातल्या, शेवटी त्यांच्या मानेवर डोकं टेकून उभा राहिला. गाडी माघारी वळली. हिल्मा पल्याडच्या झाडांकडं बघत राहिली.

उन्हं कलायच्या आत बाळ आलं. पायाकडनं आलं. मुलगी होती, निळी पडलेली. मेमेनं तिच्या तोंडात फुंकर घातली, अंग चोळलं, पुन्हा फुंकर घातली. मग तिला उराशी धरून मोठमोठ्यानं प्रार्थना करायला लागली, तिच्या स्वतःच्या भाषेत.

कुकू म्हणाली, "हळू, मेमे. देव बहिरा न्हाई." तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

पाद्री पाण्यापल्याड. टाटेनंच उंचवट्यावर कोरडी जागा बघून बाळाला पुरलं. दुसऱ्या दिवशी सगळं गाव कुकूच्या घरी बसायला आलं, मेमे तेवढी आली नाही. मी बोलवायला गेले, तर ती पेटी भरत होती.

"पाणी उतरलं की मी जाणार, नेलागो. मी त्या दिवशी भांडायला हवं होतं. तुम्ही हसलात, म्हणून मी गप्प बसले. अशा माणसाला देवानं इथं कशाला पाठवावं?"

एवढ्यात दाराशी कुकू. झगा गुडघ्यापर्यंत भिजलेला. तिनं पेटीकडं बघितलं.

"तू सांगितलंस. आयकलं न्हाई ती मी," कुकू म्हणाली. "मग पेटी मी भराया पायजे. मी कुठं जाऊ, सांग की. माझं तर हितंच हाय समदं."

मेमे रडायला लागली.

"रड, पण तिकडं येऊन रड. तुझ्याकडं कुणी औषध मागत न्हाई. आमी समद्या रिकाम्या हातानंच बसलोय."

मेमे आमच्याबरोबर आली. चटईवरच्या बायांनी सरकून जागा केली. तिनं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं, ओठ हलवले, पुस्तक मिटलं.

हिल्मा कुडाला टेकून बसलेली. ती म्हणाली, "मेमे, नाव न्हाई ठेवलं लेकीचं. बाप्तिस्मा न्हाई. देव तिला काय म्हनून हाक मारंल?"

सगळ्या बाया मेमेकडं बघायला लागल्या. एरवी कसल्याही प्रश्नाला ती पान उलटून उत्तर काढायची.

"मला ठाऊक नाही," मेमे म्हणाली.

कुकूनं मान हलवली. "आमालाबी न्हाई."

चुलीवर लापशी रटरटत होती, ती कुणी ढवळेना. हिल्माच्या झग्यावर छातीशी ओल पसरायला लागली. पान्हा फुटला होता. प्यायला कुणी नव्हतं. तिनं हातानं झाकायला बघितलं, पण दूध थांबेना. तेव्हा मेमे उठली, आपल्या झग्याची किनार फाडली आन् दूध आटावं म्हणून हिल्माच्या छातीला पट्टा घट्ट बांधला. मग तिला टेकू देऊन तशीच बसून राहिली.