एस्तेरच्या नावाची मिस्सा

नोव्हेंबर म्हणजे आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांचा मृतांचा महिना. गेलेल्यांची नावं चर्चमध्ये द्यायची, फादर ती मिस्सेच्या प्रार्थनेत वाचून दाखवतात. माझी बायको ऑड्री माझ्या आईवडिलांसोबत दरवर्षी आणखी एक नाव देते, एस्तेर न्याबोके. ना आमच्या नात्यातली, ना गावातली.

एस्तेर केनियाची लेखिका. दोन कादंबऱ्या लिहून ती आम्ही राहतो त्या दुबईला कामाला आली आणि इथेच वारली, असं कुठल्याशा मासिकात दोन ओळींत छापून आलं होतं. ऑड्री शेजारच्या शारजाच्या कॉलेजात शिकवते. तिने या बाईवर पीएचडी केली आणि तेव्हापासून आमच्या घरावर हिचंच राज्य. पुस्तकं बाजारातून कधीच गेलेली. पुन्हा छापायला प्रकाशक तयार होता, पण वारसाची परवानगी हवी. ती मिळवायला ऑड्री सुट्टी घालवून नैरोबीला जाऊन आली, हात हलवत परतली. मी हमरिया बंदरातल्या कामावरून दमून यायचो आणि टेबलावरचे एस्तेरचे कागद सारून ताट ठेवायचो. सवत परवडली, म्हणायचो, तिच्याशी भांडता तरी येतं. ऑड्री हसायचीसुद्धा नाही.

यंदा मिस्सा संपवून पार्किंगकडे निघालो, तर काठी टेकत, बाहेर पडणाऱ्या एकेकाला विचारत एक वृद्ध आफ्रिकन बाई समोर आली. एरवी ती संध्याकाळच्या मिस्सेला यायची, आज सकाळीच आली होती, हे नंतर कळलं.

"माझं नाव मेलेल्यांत कोणी दिलं?" तिने इंग्रजीत विचारलं.

मीच घाईघाईने म्हटलं, "सॉरी मॅडम, चूक झाली."

तीही आमच्यासारखी इंटरनॅशनल सिटी या वस्तीतच राहायची, नर्स मुलीबरोबर. आम्ही तिला गाडीतून घरी सोडलं. वाटेत ऑड्रीने भीत भीत परवानगी मागितली.

"छाप ना," एस्तेर म्हणाली. "मला कोणी विचारलंच नव्हतं."

ऑड्री रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला इतकं सुखी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत तिने विचारलं, "त्यानंतर काही लिहिलंत?"

"एक मोठी कादंबरी. मागच्या वर्षी आमच्याच बिल्डिंगमध्ये खोली बदलली, नव्या खोलीत शेअरिंग आहे, सामान ठेवायला जागा नाही. टाकून दिली."

"एखादी कॉपी तरी?"

"कोणासाठी ठेवायची?"

"माझ्यासाठी. मी तुम्हालाच शोधत होते."

गाडी तिच्या बिल्डिंगखाली थांबली. एस्तेरने सावकाश पट्टा सोडवला. रागावली नव्हती, फक्त दमलेली दिसत होती.

"तू कुठे राहतेस?"

ऑड्रीने रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगकडे हात केला.

"मागच्या वर्षीही?"

"तेव्हाही इथेच."

एस्तेर काठी टेकत आत गेली. नैरोबीपर्यंत शोधून आलेल्या बायकोचा मला राग आला आणि तितकीच तिची कीव आली. गाडी सुरू करावी की नाही, तेही मला सुचेना.