दोनशे ग्रॅम

कार्टिंगमुळे मोटारशर्यत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आहे, असं क्लबच्या माहितीपत्रकात छापलं होतं. आमच्या गल्लीतल्या शिंप्याने ते वाचून स्वतःला सामान्य समजण्याची चूक केली. तीन वर्षांत त्याच्या दुकानातली दोन शिलाई मशिनं गेली. एक टायरांत, एक इंजिनात.

आता शेवटची शर्यत उरली होती. कार्ट ही बुटकी गाडी चालवणारी त्याची लेक जिंकली तर पुढच्या हंगामाचा खर्च क्लब करणार. हरली तर सोमवारी कार्ट विकायची. गिऱ्हाईक ठरलेलं होतं.

शिंपी हट्टाला पेटला. नियम असा, की शर्यत संपल्यावर गाडी आणि चालक मिळून निदान दीडशे किलो भरले पाहिजेत. लेक अंगाने किरकोळ, म्हणून सीटला शिशाच्या वड्या बांधलेल्या. त्या कानशीने घासत घासत त्याने वजन बरोबर दीडशेवर आणलं. ग्रॅमभरही जास्त नाही. जन्मभर लोकांच्या विजारींत दोन बोटं जादा कापड सोडणारा माणूस हा!

शर्यतीआधी बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. "घामाने निथळतेय पोरगी. पिऊ दे."

"नको! जड होईल."

"पाण्याने?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"बाबा, जीभ टाळ्याला चिकटलीय," हेल्मेटातून आवाज आला.

"जिंकल्यावर पी. हवं तर टाकीभर पी."

ती जिंकली. अर्ध्या चाकाने, पण जिंकली. शिंपी रडत रडत एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडला. मग कार्टसकट लेकीला काट्यावर घेतलं. एकशे एकोणपन्नास किलो, आठशे ग्रॅम.

"काका, सकाळी वजन केलंत तेव्हा टाकी भरलेली होती?" पंचांनी विचारलं.

"काठोकाठ."

"आणि आता?"

शिंपी टाकीकडे बघत राहिला. गाडीत पेट्रोल जळतं हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. दर रविवारी भरायचा तोच.

"साहेब, दोनशे ग्रॅम फक्त! माझं घड्याळ घाला तिच्या हातात. पाया पडतो तुमच्या."

"उठा काका. ती बाद झाली. लिहिलंय मी."

बायकोने तोच पाण्याचा पेला लेकीच्या हातात दिला. लेकीने तो बसल्या जागी गटागटा रिकामा केला आणि आईला परत दिला. कार्ट अजून काट्यावरच होती.

दीडशे किलो.

सोमवारी गिऱ्हाईक वेळेवर आलं.