टरफलांच्या गोधड्या

भुईगावच्या बायजाची खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठली ती प्रितेशच्या डीजेमुळे. शेजारच्या अंगणात तो स्वतःच्या लग्नासाठी दिवसभर स्पीकर वाजवून बघायचा. कोंबडी पळाली, पाटीतली सगळी अंडी नासली. बायजा भांडायला गेली, तर हा दात काढून म्हणतो, "काकी, कोंबडीला नाचायला शिकव ना!"

तिथेच तिने ठरवलं, याचा आवाज बंद करायचा आणि तोही ह्याच्याच हळदीला.

उपाय घरातच होता. दृष्ट लागू नये म्हणून वांग्यांच्या रोपांवर उपडी घालायची अंड्यांची अख्खी टरफलं तिने भिंतीशी गोणीत रचलेली. त्या कोपऱ्यात डीजे मुका व्हायचा. टरफल पातळ, आत पोकळ. आवाज आदळला की ते थरथरतं, निम्मा जोर त्या थरथरण्यातच जिरतो, उरलासुरला पुढच्या टरफलात. चार थर ओलांडेपर्यंत डरकाळीचा उसासा होतो.

मग पापडी गावच्या एरॉल बेकरीवाल्याला तिने कामाला लावलं. अंडं फोडायचं नाही, भोक पाडून आतलं फुंकून काढायचं आणि अख्खं टरफल तिला द्यायचं.

"आंटी, गाल पावासारखे फुगले!"

"फुंक रे, पुन्य लागेल."

ती टरफलं तिने जुन्या लुगड्यांत चार-चार थरांनी शिवली. हळदीच्या सकाळी मांडवाला चहूबाजूंनी, वर छताला, अगदी दारालाही जरीकाठी गोधड्या लागल्या. बायजाचा आहेर! प्रितेश पाघळला. "आत काय भरलंय, काकी?"

"हवा. गरिबाला दुसरं काय परवडनार?"

डीजे सुरू झाला. नवऱ्याची हळद नवरीच्या आळीत ऐकू गेली नाही तर ती हळद कसली? नवरीच्या, म्हणजे रीमाच्या भावाचा फोन आला, "अहो, लग्न मोडलं काय? इकडे सगळी सामसूम!"

प्रितेशने आवाज वाढवला. आत म्हाताऱ्यांनी कानांत बोटं घातली. "काकी, रस्त्यावरून ऐकून ये ना!"

बायजा बाहेर गेली. चिंचेखाली सावकाश पान लावलं, खाल्लं, परत आली. "डास गुनगुनतोय. वाढव."

त्याने वाढवला. ती पुन्हा जाऊन आली. "आता दोन डास."

प्रितेशने चिडून बटण शेवटपर्यंत पिळलं. एक स्पीकर फाटला, दुसरा पेटला, तिसऱ्यातून नुसता धूर. हळदीने माखलेला नवरा मांडवभर बोंबलत सुटला.

बायजाने दाराचा पडदा नीट ओढून घेतला. "घसा कोरडा करू नको, बाळा," ती म्हणाली. "बाहेर कोनाला ऐकू जात नाय."