पाच सेकंदांच्या आतला कचरा

सोमवारी मगर मेली आणि मंगळवारी तीच मगर नावाड्याच्या पोरीची होडी गिळायला हजर! भिंगरी उशी फेकून उठून बसली.

"आई, तुझा सर्व्हर खोटं बोलतो."

भिंगरी सात वर्षांची. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून हे नाव पडलं. पण गोष्टीत कुणी लबाडी केली, की ती एका जागी ठाम उभी राहते. आणि इथे लबाडी झालीच होती. आईचा धंदाच सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम लिहिण्याचा. ऑफिसात ती लोकांच्या फायली कशा शिस्तीत लावून द्यायची! घरच्या मात्र उलट्यासुलट्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गोष्ट आजोबांची होती, म्हणजे आईच्या बाबांची. ते निवृत्त बस कंडक्टर. भर गर्दीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज. दुसऱ्या गावी एकटे राहायचे तेव्हा ते रोज फोनमध्ये गोष्टीचा एक भाग बोलून ठेवत, तो आपोआप या घरातल्या सर्व्हरवर येऊन पडे आणि भिंगरी तो ऐकून झोपे. प्रत्येक भागाची सुरुवात ठरलेली, "पुढे सरका, पुढे सरका!" मग भिंगरी एकटीच असलेल्या पलंगावर भिंतीपर्यंत सरकायची.

नावाड्याची पोर नदीचा उगम शोधत धबधब्याच्या पायथ्याशी पोचली आणि आजोबांच्या घशाचं ऑपरेशन निघालं. ते इथे राहायला आले. ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, "आवाज परत येईल, फक्त सराव हवा." पण पहिल्याच दिवशी स्वतःच्या घशातून निघालेली खरखर ऐकून आजोबांनी जे तोंड मिटलं ते मिटलंच. चहा हवा तर कप उचलून दाखवायचे. लेकीने लाडीगोडी केली, रागावून पाहिलं, एकदा तर रडलीही. पालथ्या घड्यावर पाणी. आता हे कधीच बोलणार नाहीत, या भीतीने तिला मीटिंगमध्येसुद्धा काही सुचत नसे.

नवे भाग थांबल्यापासून भिंगरी रोज रात्री एकेक जुना भाग पुन्हा ऐकत होती, त्यात हा गोंधळ. शनिवारी सकाळी भिंगरी मैत्रिणीकडे आणि आजोबा फिरायला गेल्यावर आई सर्व्हर उघडून बसली. चूक लगेच सापडली आणि तिने कपाळावर हात मारला. मागच्या रविवारी तिने सगळ्या फायली नव्या मशीनवर नेल्या होत्या. नेताना जुन्या तारखा जपायला सांगायचं राहून गेलं. हे ती ऑफिसात नव्या लोकांना ओरडून ओरडून शिकवते, बरं का! परिणाम असा, की सगळ्या फायलींवर त्याच रविवारची तारीख बसली आणि त्या तारखेवर विसंबलेल्या प्रोग्रामने मेलेली मगर आधी आणि जिवंत मगर नंतर लावली.

उपाय होता. फाइलवर बाहेरून लागलेली तारीख बदलते. पण रेकॉर्ड करताना फोन फाइलच्या आतही लिहून ठेवतो, केव्हा बोललं आणि किती वेळ बोललं. तिने प्रोग्रामला ती आतली माहिती वाचायला लावली. भाग झरझर रांगेत लागले. मात्र जितक्या फायली वाचल्या, त्यापेक्षा दाखवल्या कमी.

तिचाच नियम होता तो. खिशात चुकून बटण दाबलं जातं, म्हणून पाच सेकंदांच्या आतली फाइल म्हणजे कचरा, यादीत घ्यायची नाही. बघू तरी काय कचरा आहे, म्हणून तिने तो नियम काढला.

छोट्या फायली होत्या खऱ्या. पण सगळ्या ऑपरेशननंतरच्या. सगळ्या दुपारच्या, ती ऑफिसात आणि भिंगरी शाळेत असतानाच्या. शनिवार-रविवारी एकही नाही. खिशाला इतकी शिस्त कुठून?

तिने कानात इअरफोन घातले. पहिल्या फायलीत नुसता श्वास. दुसरीत खोकला. मग दार घासल्यासारखं काहीतरी. मग "न". आठवडाभर नुसतं "न". मग "नदी", आणि त्यापाठोपाठ अगदी वैतागून "हॅट्!"

ती खो खो हसली आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. मी या माणसाला आळशी समजत होते! आणि त्याची सगळी मेहनत माझाच प्रोग्राम कचऱ्यात ढकलत होता.

तेवढ्यात दाराशी चपला वाजल्या. तिने घाईघाईने स्क्रीन बंद केली. नियम परत घालायला ती विसरली, की विसरलीच नाही, हे तिचं तिलाच ठाऊक.

रात्री मगर योग्य वेळी मेली. भिंगरीने सर्व्हरला माफ केलं आणि हट्टाने उरलेले सगळे भाग धबधब्यापर्यंत ऐकले. आजोबा नेहमीप्रमाणे शेजारच्या खुर्चीत होते. शेवटचा भाग संपला आणि स्पीकर थांबला नाही. श्वास. खोकला. "न". "नदी". "हॅट्!"

आजोबा दचकून उठले आणि बंद करायचं बटण शोधायला लागले. कानापर्यंत लाल झाले होते. दारातल्या लेकीने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतला.

भिंगरीला कशाचंच नवल वाटलं नाही. आजोबांची गोष्ट होती, आजोबा सांगत होते.

"नदीला काय झालं आजोबा? हॅट् कोणाला म्हणाली ती? लवकर सांगा, मला झोप येतेय."

आजोबांनी लेकीकडे पाहिलं. ती टॉवेलातून मान वर काढायला तयार नव्हती. बटण शोधायचं सोडून ते पलंगाच्या कडेला येऊन बसले. घसा खाकरला. एकदा नुसतीच हवा आली. भिंगरी वाट बघत राहिली.

"पुढे," आजोबा म्हणाले, खरखरीत आणि अगदी हळू, "सरका."

भिंगरी भिंतीपर्यंत सरकली.